हॉलवरची पाटी

माने काकू: सकाळी दळण घेऊन आलो तर हॉलच्या दारावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी! अण्णांचं नाव सोनेरी, एवढं मोठं. सोसायटीचं खाली, मुंगीएवढं. ठराव कधी झाला?

सेक्रेटरी: काकू नमस्कार 🙏 अण्णांनी हॉलला 20 खुर्च्या भेट दिल्यात. पाटीही स्वखर्चाने.

कदम: बोअरच्या मोटरची पावती कुठं हाय?

रोहित: वाजला कदम काकांचा गजर 😄

माने काकू: खुर्च्या दिल्या म्हणून मागचा हिशेब माफ होय?

पाटील सर: पडायचं नव्हतं यात, पण एलिहू येल आठवला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचं नाव आहे तो. 1672 ला मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा साधा कारकून म्हणून आला आणि 1687 ला तिथल्याच फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर झाला. मग कंपनीच्या पैशावर स्वतःचा व्यापार करतो असे आरोप झाले, 1692 ला पद गेलं. 1699 ला इंग्लंडला परतला तो मात्र गडगंज होऊनच.

रोहित: आणि विद्यापीठ?

पाटील सर: कनेक्टिकटमधलं एक कॉलेज इमारतीसाठी पैसे शोधत होतं. यानं कापडाचे वगैरे 9 गठ्ठे, 417 पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं चित्र पाठवलं. माल विकून 562 पौंड आले. 1718 ला कॉलेजला याचं नाव! मद्रासचा हिशेब तिथं कोण विचारतंय?

रोहित: एका गठ्ठ्याला किती खुर्च्या बसतात सर 😂

देशपांडे: नाव न घेता टोमणे मारू नयेत. सर, आपण वडीलधारे आहात.

पाटील सर: मी इतिहास सांगतोय. टोमणा कुणाला लागला तर त्याला माझा इलाज नाही.

कदम: बोअरच्या मोटरची पावती कुठं हाय?

शेख भाभी: सर, आपल्याकडचा काही संबंध आहे का त्याचा?

पाटील सर: आहे की. पन्हाळ्यावरून निसटून राजाराम महाराज जिंजीला गेले, त्याच काळातली गोष्ट. 1690 ला तमिळनाडूतल्या कडलूरजवळचा किल्ला कंपनीनं मराठ्यांकडून विकत घेतला, तेव्हा गव्हर्नर हाच. सौद्यात अट अशी, की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरची गावं इंग्रजांची. गोळा किती लांब टाकायचा ते गोलंदाजाच्या हातात!

रोहित: बी विंगच्या पार्किंगची रेघ अशीच मारलीय बघा 💣

माने काकू: माझ्या स्कूटीच्या जागेवरच पडला तो गोळा.

देशपांडे: माझी गाडी रेघेच्या आत आहे. फोटो टाकू?

माने काकू: टाका. चाक कुठाय तेही दिसू दे.

शेख भाभी: त्याच्या कारभारात मद्रासहून माणसंसुद्धा गुलाम म्हणून जहाजात भरली जायची, असं वाचलंय मी.

पाटील सर: होय. ते खरंय.

सेक्रेटरी: विषय भरकटतोय. कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा 🙏

कदम: मग कामाचंच इचारतोय. बोअरच्या मोटरची पावती?

अण्णा: दुपारपासून वाचतोय. 11 वर्षं चेअरमन होतो. तेव्हा मीटिंगला पाच माणसं यायची, त्यातली तीन चहाला. कुणी हे पद घ्यायला तयार नव्हतं. आता सगळ्यांना इतिहास आठवतोय. उद्या पाटी काढून घेतो. खुर्च्याही नेतो.

देशपांडे: झालं समाधान?

रोहित: अण्णा, रागावू नका ओ. या सोमवारी तांबडा-पांढरा माझ्याकडून.

अण्णा: सोमवार करतो, माहीत आहे तुला.

कदम: पावती?

अण्णा: कदम, पावती फाइलीत आहे. फाइल सेक्रेटरींकडे आहे.

सेक्रेटरी: माझ्याकडे निळी आहे. आपण हिरवी म्हणताय का?

माने काकू: ते दोघं बघून घ्या. अण्णा, पाटी उद्या काढली तरी चालेल. खुर्च्या तेवढ्या सोमवारी न्या. रविवारी सूनबाईचं डोहाळजेवण आहे, हॉल घेतलाय.