दिवसाला दोनच वायनऱ्या करा (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ऋतुजा, ए-३०२: नमस्कार मंडळी 🙏 सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं इटलीला चाललोय. मुक्काम फ्लोरेन्सला आहे आणि एक दिवस जवळच्या किआंती भागातल्या वाइनसाठी राखून ठेवलाय. सकाळी भाड्याची गाडी घेऊन निघायचं, पाच वायनऱ्या करायच्या आणि रात्री परत, असा बेत आहे. आपल्यातलं कोणी जाऊन आलंय का?

साठे काकू, सी-६०१: ऋतुजा, आम्ही गेल्या वर्षी द्राक्षतोडणीच्या दिवसांतच तिथे होतो. पाच अजिबात करू नकोस गं. एक सकाळी, एक दुपारी जेवण झाल्यावर, बस. प्रत्येक ठिकाणी आधी बाग आणि तळघर दाखवतात, मग तीन-चार वाइन चाखायला देतात. दीड-दोन तास कुठे जातात कळत नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ पार बधिर होते आणि पुढचं सगळं एकसारखं लागतं. त्यात दुपारचं जेवण घाईत उरकावं लागतं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. तिथली वाइन जेवणाबरोबर घ्यायलाच केलेली असते.

ऋतुजा, ए-३०२: पण काकू, इतक्या लांब जाऊन दोनच? मग त्या कोणत्या?

साठे काकू, सी-६०१: एक मोठी, जुन्या घराण्याची. दुसरी लहान, जिथे घरचीच माणसं राबतात.
मोठ्यांत गायोले गावाजवळचा ब्रोलिओ किल्ला बघ. तो रिकासोली घराण्याकडे ११४१ पासून आहे. याच घराण्यातले बेत्तिनो रिकासोली इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. कोणती द्राक्षं मिसळून किआंती करावी, याचं सूत्र त्यांनी १८७२ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं. मुख्य द्राक्ष सांजोवेसे, ते आजही तसंच आहे. किल्ल्याच्या गच्चीवरून खाली बागा दिसतात आणि लांबवर सिएना शहर. आधुनिक इमारत बघायची असेल तर बार्जिनोला अंतिनोरी घराण्याची वायनरी आहे. टेकडीच्या पोटात बांधली आहे, रस्त्यावरून पटकन दिसतही नाही. ते लोक १३८५ पासून वाइनच्या व्यवसायात आहेत.
लहान वायनरी पान्झानो किंवा राद्दा या गावांच्या आसपास शोध. पण दोन्हीकडे आधी वेळ ठरवून जा. तोडणी चालू असताना लहान ठिकाणी आधी न कळवता दारात उभी राहिलीस तर त्यांच्याकडे बोलायला माणूसच मोकळा नसतो.

 

मेहता वहिनी, बी-५०३: साठे काकू, आमच्यासारख्या शाकाहारी माणसांचं तिथे कसं होतं? आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

साठे काकू, सी-६०१: वहिनी, टस्कनीत, म्हणजे फ्लोरेन्स आणि किआंती ज्या प्रांतात आहेत तिथे, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त विचारून घ्यावं लागतं. रिबोल्लिता म्हणून एक दाट सूप मिळतं. पांढरा घेवडा, काळसर पानांचा कोबी आणि शिळा पाव घालून शिजवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळतात. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो ना, त्याच काटकसरीतून आलेला पदार्थ. टोमॅटो आणि पावाची पाप्पा अल पोमोदोरो ही अशीच. सिएनाच्या बाजूला पिची मिळतात, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही. आल्योने नावाच्या मोठ्या, सौम्य लसणाचा आणि टोमॅटोचा रस्सा त्यावर घालतात. आमचे हे अजून त्या पिचीचं नाव काढतात.
आता जपायचं कुठे, ते सांगते. सूपच्या पाण्यात कधीकधी मांसाचा अर्क असतो. काळपट सारण लावलेले पावाचे तुकडे दिले तर ते कोंबडीच्या कलेजीचं असतं. "सेन्झा कार्ने" म्हणजे मांस नको, एवढं पुरत नाही, "सेन्झा प्रोशुत्तो" हेही म्हणायचं, कारण हॅमला, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाला, काही जण मांसात धरत नाहीत. पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज आहे, ते बऱ्याचदा कोकराच्या किंवा वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, लावतात. "काल्यो व्हेजेताले", म्हणजे वनस्पतीचं रेनेट, आहे का, असं विचारा. आणि अगदी कडक पाळत असाल तर वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरलाय का, तेही विचारा. छोट्या वायनरीत मालक स्वतःच उत्तर देतो.

मेहता वहिनी, बी-५०३: बाई गं, हे वाइनचं मला माहीतच नव्हतं. लिहून ठेवलं.

निखिल, डी-२०५: मी मिनीबसच्या टूरने गेलो होतो. तीन वायनऱ्या, जेवणासकट. मला तर तेच सोयीचं वाटलं. गाडी चालवायची नाही म्हटल्यावर दोघांनाही निवांत चाखता येतं.

साठे काकू, सी-६०१: निखिल, गाडीबद्दल तुझं बरोबर आहे. ऋतुजा, हे नीट वाच. इटलीत रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे आणि लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. आपल्या लायसन्ससोबत इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेत, दंड घरी येतो. चालवायचीच असेल तर चालवणाऱ्याने घोट तोंडात फिरवून थुंकायचा. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. नाहीतर फ्लोरेन्सहून किआंतीतल्या ग्रेव्हे गावाला बस जाते, तासाभरात पोचते. रविवारी मात्र बस कमी असतात.
टूरला माझा विरोध नाही, पण टूरमध्ये घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं. आम्ही ज्या लहान वायनरीत गेलो तिथल्या बाईंनी आम्हाला जेवणानंतर माळ्यावर नेलं. कौलांच्या लगेच खाली छोटी छोटी पिंपं ओळीने मांडलेली. त्यात विन सांतो नावाची गोड वाइन. द्राक्षं तोडून काही महिने टांगून वाळवतात, मग त्यांचा घट्ट गोड रस या पिंपात भरून तोंड बंद करतात आणि निदान तीन वर्षं हातही लावत नाहीत. तळघरात न ठेवता मुद्दाम माळ्यावर, म्हणजे उन्हाळ्याचा ताप आणि थंडीतला गारठा दोन्ही त्याला लागतो. लाकडातून थोडं थोडं उडून जातं. त्यांनी आम्हाला ग्लासच्या तळाशी थोडंसं घालून दिलं. रंग मधाचा, वास अक्रोड आणि बेदाण्यांचा. सोबत बदामाची कडक बिस्किटं, कांतुच्ची, ती त्यात बुडवून खायची. टूरमधल्या तीस माणसांना त्या जिन्यावरून कोण नेणार?

निखिल, डी-२०५: हे आम्हाला दाखवलं नव्हतं काकू. पटलं.

कर्वे काका, ए-५०१: मी काही घेत नाही, घेणारही नाही. पण मुलगा दरवर्षी चला म्हणतो. ज्याला घ्यायची नाही त्याने तिथे दिवसभर काय करायचं?

साठे काकू, सी-६०१: काका, तुम्ही नक्की जा. ऑलिव्हचं तेल तिथे वाइनइतक्याच मानाने चाखतात. भाजलेल्या पावावर लसूण घासायचा, वर तेल आणि मीठ. चांगलं तेल घशाला तिखट लागतं, ती त्याची खूण. तिथला पाव बिनमिठाचा असतो, पहिल्या घासाला अळणी वाटतो, पण खारट चीजबरोबर खाल्लात की कळतं असं का ते. आणि इतिहासाची आवड असलेल्या माणसाला तर तिथे चालताना थांबावंसं वाटतं. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोसिमोने, १७१६ मध्ये फर्मान काढून किआंतीची हद्द आखून दिली. वाइन कोणत्या गावची ते कायद्याने ठरवायचे इतके जुने प्रयत्न जगात थोडेच आहेत.

कर्वे काका, ए-५०१: ते काळ्या कोंबड्याचं चिन्ह बाटलीवर असतं, ते काय?

साठे काकू, सी-६०१: काका, १९२४ मध्ये राद्दाला उत्पादकांनी संघ काढला, त्यांनी ते चिन्ह घेतलं. गोष्ट अशी सांगतात. फ्लोरेन्स आणि सिएनाचं हद्दीवरून भांडण होतं. ठरलं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, भेटतील तिथे सीमा. सिएनावाल्यांनी पांढऱ्या कोंबड्याला खाऊ घालून धष्टपुष्ट केलं. फ्लोरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी कोंडलं. त्या दिवशी भुकेने तो उजाडायच्या कितीतरी आधी आरवला, त्यांचा स्वार खूप पुढे गेला आणि सिएनापासून जेमतेम बारा किलोमीटरवर दोघं भेटले. म्हणून जवळजवळ सगळी किआंती फ्लोरेन्सकडे.
ऋतुजा, खरेदीला याचा उपयोग आहे. नुसतं "किआंती" लिहिलेली बाटली आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातली असते. कोंबडा असेल तर ती "किआंती क्लासिको", म्हणजे दोन शहरांमधल्या जुन्या भागातली आणि निदान ८० टक्के सांजोवेसेची. साधी १२ महिने, तिच्या वरच्या दर्जाची रिझेर्वा २४ आणि सगळ्यात वरची ग्रान सेलेत्सिओने ३० महिने मुरवून मगच बाजारात येते. मला स्वतःला जेवणाबरोबर साधीच आवडली. नुसती प्यायलीस तर आंबट-तुरट वाटेल, टोमॅटो आणि तेलाचं जेवण समोर आलं की तो तुरटपणा कुठल्या कुठे जातो.

पाटील दादा, बी-१०४: काकू, छान लिहिताय. सांजोवेसे आमच्या अकलूजकडे पण आहे बरं का. तिथले मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली वायनरी काढली. टस्कनीचे पिएरो मासी त्यांचे वाइनतज्ज्ञ. आमच्या घरची बाग खायच्या द्राक्षांची, त्यामुळे मला कुतूहल आहे. तिकडे एकरी माल किती काढतात?

साठे काकू, सी-६०१: क्लासिकोला हेक्टरी साडेसात टनांची मर्यादा आहे. म्हणजे एकरी तीन टन.

पाटील दादा, बी-१०४: तीन! आम्ही खायच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढतो. पण वाइनचं बरोबर आहे, घड कमी ठेवले तर प्रत्येकात रस घट्ट उतरतो. मणी बारीक, साल जाड, आत बिया. मोठा रसाळ मणी त्यांना नकोच. दुसरं म्हणजे तिकडे थंडीत वेल झोपतो, एकदाच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला काड्या वाढवायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, दोनदा करावी लागते. त्यांची तोडणी चालू असते तेव्हा आमच्या बागेत कात्री फिरत असते. इटलीचा माणूस सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात तेच द्राक्ष लावून नीट पिकवतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

ऋतुजा, ए-३०२: दादा, हे कोणी सांगितलं नसतं. काकू, पाचचं रद्द. सकाळी राद्दाजवळची एक लहान वायनरी, मग जेवण, दुपारी ब्रोलिओ. गाडीही नको, ड्रायव्हरसकट टॅक्सी बघते. बाटल्या किती आणता येतात?

साठे काकू, सी-६०१: माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे नेहमीच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीस तर शुल्क भरायची तयारी ठेव. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. आणि जेवणाची वेळ सांभाळ, बहुतेक ठिकाणी दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसातच्या आधी उघडत नाही. बिलात माणशी "कोपेर्तो" लावतात, तो पाव आणि टेबलाचा आकार असतो, चूक समजून वाद घालू नका.

पाटील दादा, बी-१०४: ऋतुजाताई, एक काम कराल? बागेत उभ्या राहून एका वेलाचा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फोटो काढा आणि दोन ओळींतलं अंतर पावलांनी मोजा. घडाजवळची पानं किती काढली आहेत तेही दिसलं पाहिजे. भावाला दाखवायचंय.

ऋतुजा, ए-३०२: नक्की दादा. मालकांना विचारून व्हिडिओच काढते.