मदत हवी आहे: माझ्या झाडांची पानगळ थांबवा!

मंडळी, इंदूरहून लिहितोय. पातालपानी-कालाकुंड घाटातल्या मीटरगेज रेल्वेचा छोटा देखावा (मॉडेल) १:८७ मापात करतोय. म्हणजे १० मीटरचं झाड साधारण साडेअकरा सेंटीमीटरचं. तांब्याची तार पिळून खोडं-फांद्या झकास जमल्या. पानांसाठी फोम मिक्सरमधून काढला (आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच), पोस्टर कलरमध्ये बुडवून वाळवला आणि पांढऱ्या गोंदाने चिकटवला. पण फांदीला बोट लागायचा अवकाश, हिरवा भुगा खाली! वरून पाणी घातलेला गोंद फवारू का? किती पातळ करू?

आणि साग कसा करायचा? त्याचं फूटभर पान या मापात जेमतेम साडेतीन मिलिमीटरचं. भुग्याने सागाची बाभूळच होते. कागदाची पानं कुणी कापून पाहिलीत का?