छापील पुस्तकांची ईपुस्तकं: पेजमेकरच्या जुन्या फाइलींचं काय करायचं?

प्रश्न (छोटा_प्रकाशक):
आमची ४० पुस्तकं आहेत. बरीचशी संपलीत आणि १,००० ची आवृत्ती पुन्हा काढणं परवडत नाही. मजकूर पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे. १२ जुन्या पुस्तकांच्या फाइलीच नाहीत. थेट पीडीएफ काढून विकावी का? लेखकांशी नवे करार लागतील का?

मुद्रितशोधक:
पीडीएफ नको. डेमी आकाराचं पान मोबाइलवर उघडलं की प्रत्येक ओळीला पान सरकवत बसावं लागतं. ईपब हा ईपुस्तकाचा फाइलप्रकार वापरा, त्यात अक्षर वाचकाला हवं तेवढं मोठं होतं.

खरं काम म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणणं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये बरोबर उलट. त्यामुळे कन्व्हर्टर चुकतो तो ‘आर्थिक’, ‘निर्मिती’ अशा शब्दांत. आधी तेच शोधून पाहा. त्याहून घातक म्हणजे ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होणं. दोन्ही शब्द खरे, म्हणून स्पेलचेकर गप्प बसतो. प्रत्येक ‘र्या’ माणसानेच बघायचा. ओळीअखेरचे एंटर आणि शब्द तोडणाऱ्या रेघाही काढा, नाहीतर मोबाइलवर वाक्यं मध्येच तुटतात.

आणि प्रूफ छापील प्रतीशी ताडून वाचा, फाइलशी नाही. पूर्वी शेवटच्या दुरुस्त्या छपाईसाठी काढलेल्या ट्रेसिंग कागदावर चिकटवून करत, त्या फाइलीत कधी गेल्याच नाहीत.

हक्क_आणि_करार:
पुरवणी करार कराच, आणि लेखीच. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत नसेल तर ५ वर्षं धरली जातात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. ईपुस्तक परदेशातल्या मराठी वाचकांनाही विकायचं असेल तर ‘जगभर’ असं स्पष्ट लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करारावेळी व्यवहारात नसलेलं माध्यम त्यात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर त्याचे हक्क मिळाले असं धरता येत नाही. म्हणून ईपुस्तक आणि ऑडिओ वेगवेगळे नोंदवा. लेखक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला सगळेच विसरतात, त्याचीही परवानगी लागू शकते.

मानधन छापील किमतीवर न ठरवता हाती येणाऱ्या रकमेवर ठरवा, कारण विक्रीमंच आपला वाटा आधीच कापून घेतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ईपुस्तकावर आहे. किंमत लावताना तो धरा.

ईपब_कारागीर:
त्या १२ पुस्तकांसाठी ३०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो. घ-ध, म-भ, ष-प यांची अदलाबदल हमखास होते, त्यामुळे दोन वाचनं धराच. पानं पिवळी आणि टाइप झिजलेला असेल तर सरळ नव्याने टाइप करून घ्या, दुरुस्तीत जास्त वेळ जातो.

ईपबमध्ये भाषा ‘mr’ (मराठीचा संकेत) अशी नोंदवा. नोंदवली नाही तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो हा फॉन्ट आत घाला. ‘पृष्ठ ४५ पहा’ अशा सूचनांना आता अर्थ नाही, तिथे दुवे द्या. ईपबचेक या फाइल तपासणाऱ्या साधनात एकही चूक उरली नाही की मगच अपलोड करा, आणि ईपुस्तकासाठी आयएसबीएन क्रमांक वेगळा घ्या.

छोटा_प्रकाशक:
यात ६ कवितासंग्रह आहेत. तेही असेच?

ईपब_कारागीर:
ते शेवटी घ्या. कवितेची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद करा. लांब ओळ दुमडली तर उरलेला भाग आत सरकलेला दिसायला हवा, म्हणजे नवी ओळ सुरू झाली असं वाटत नाही. सुरुवात सरळ गद्याच्या, चित्रं नसलेल्या एका कादंबरीने करा.