युद्धखंडणी की नुकसानभरपाई?

रानजाई:
एका दिवाळी अंकासाठी व्हर्सायच्या तहावरचा (पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला तह) लेख इंग्रजीतून मराठीत करते आहे. 'रिपेरेशन्स'ला मी 'युद्धखंडणी' लिहिलं होतं. काल मजकूर परत आला, तर सतराच्या सतरा जागी लाल रेघ आणि वर 'नुकसानभरपाई'. संपादक म्हणाले, खंडणी म्हटलं की वाचकाला पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आठवतं. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात 'जर्मनीवर जबर युद्धखंडणी लादली' असंच होतं, तेच पाठ करून आम्ही मार्क मिळवले. वाक्य असं आहे: '१९२१ मध्ये जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची ______ बसवण्यात आली.' तुम्ही काय घालाल?

मोडीवाचक:
युद्धखंडणीच. गुन्हेगारांनी शब्द पळवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का? मूळ क्रियापद 'खंडणे', म्हणजे बोली करून रक्कम ठरवणे. आमच्या भागात अजून जमीन 'खंडाने' देतात. पीक येवो न येवो, ठरलेला खंड मालकाच्या घरी पोचला पाहिजे. खंडणी तीच, फक्त राज्याच्या पातळीवर. गावाने खंडणी भरली की लूट टळायची.

सांजवात:
खंड म्हणजे तुकडा हो. दुसऱ्याच्या मालातून कापून घेतलेला तुकडा, ती खंडणी. आमचे मराठीचे सर असंच सांगायचे.

मोडीवाचक:
सरांचा मान राखून सांगतो, 'खंडून घेतलं' हे बोलणं तुमच्या घरी नसेल, आमच्या घरी रोज आहे. मजुरी खंडून घेतात, विहिरीचं काम खंडून देतात. तिथे कोण काय कापतं?

स्प्रेकाठ:
बर्लिनहून लिहितोय, तेरा वर्षं इथे आहे. व्युत्पत्ती बाजूला ठेवून जरा इतिहासाकडे बघू या, कारण भांडण मुळात याच शब्दावरून होतं. १८७१ मध्ये जर्मनीने हरलेल्या फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँक घेतले. ती सरळ जेत्याने वसूल केलेली रक्कम, तिला खुशाल युद्धखंडणी म्हणा. १९१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जाहीर सांगितलं होतं की असले दंड आता नाहीत, मुलूख गिळणं नाही. म्हणून १९१९ मध्ये मुद्दाम वेगळा शब्द आला. रिपेरेशन, म्हणजे मोडलेलं दुरुस्त करून देणं. आणि मोडलं होतंच. १९१७ मध्ये मागे हटताना जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधली फळझाडं बुंध्यापासून कापली, विहिरी नासवल्या, पुढे लाँसच्या कोळसा खाणींत पाणी सोडलं. तिथल्या शेतकऱ्याच्या नांगराला आजही तोफगोळे लागतात.

'ट्रिबूट', म्हणजे नेमकं आपलं 'खंडणी', हा शब्द जर्मनीतले उजवे पक्ष वापरत. १९२९ मध्ये ही देणी नव्याने ठरवणारी यंग योजना आली तेव्हा हिटलर ज्या प्रचारात सामील झाला, त्याचा सगळा सूर 'आम्हाला गुलाम करून खंडणी उकळताहेत' असाच होता. रानजाईताई, तुम्ही सतरा जागी युद्धखंडणी लिहिलीत तर लेख त्या बाजूने बोलायला लागेल.

मोडीवाचक:
हे मला ठाऊक नव्हतं. पण मग तहाच्या २३१ व्या कलमाचं काय? युद्धाचा सगळा अपराध एकट्या जर्मनीच्या माथी मारला आणि वर त्याला भरपाई म्हणायचं?

स्प्रेकाठ:
कलम वाचलंत तर त्यात 'अपराध' हा शब्दच नाही. जबाबदारी जर्मनी आणि तिच्या दोस्तांची, एवढंच आहे. लगेच २३२ मध्ये कबूल केलंय की सगळं नुकसान भरून देण्याइतका पैसा जर्मनीकडे नाही. १३२ अब्जांमधले ८२ अब्ज कागदावरचेच होते, खरी मागणी ५० अब्जांची. पण लोकांच्या मनात बसला तो 'युद्धाचा अपराध', कलमातली वाक्यं कोण वाचतो?

रानजाई:
पण स्प्रेकाठ, ज्याच्या खिशातून गेलं त्याला ते काय वाटलं, हेही शब्दात यायला नको का? लाकूड आणि कोळसा ठरल्याप्रमाणे पोचला नाही म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रुरमध्ये, म्हणजे जर्मनीच्या कोळसा-कारखान्यांच्या भागात शिरलं. कामगारांनी काम बंद केलं, त्यांना पोसायला सरकारने नोटा छापल्या. नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क! एखाद्या बाईच्या आयुष्यभराच्या शिल्लकीत पाव येईना. त्या बाईला 'नुकसानभरपाई चालू आहे' असं कोणी सांगितलं असतं तर?

स्प्रेकाठ:
त्या नोटा तिच्याच सरकारने छापल्या, आणि युद्धही कर फारसे न वाढवता, मुख्यतः कर्ज काढून लढलं होतं. तिला मात्र सांगितलं गेलं की सगळं खंडणीमुळे झालं. मला शब्दाची काळजी वाटते ती म्हणूनच.

शुद्धमती:
'नुकसान' मुळात अरबी. 'क्षतिपूर्ती' असा नेटका शब्द असताना कोणालाच तो आठवू नये, याचं वाईट वाटतं.

सांजवात:
क्षतिपूर्ती हिंदी बातम्यांतून आलाय. मराठी माणसाचं शेत गारपिटीत झोपलं की तो भरपाई मागतो, क्षतिपूर्ती नाही. आणि अरबी काढायला बसलात तर वकील, तारीख, हिशेब सगळंच जाईल.

शुद्धमती:
शब्द वापरलेच नाहीत तर रुळणार कसे? 'महापौर' पहिल्या दिवशी ओळखीचा होता का?

पाणकोंबडा:
आपल्याकडे म्हण आहे ना, लढाईत जिंकले आणि तहात हरले. जर्मनांचं तसंच झालं.

स्प्रेकाठ:
नाही हो. ते लढाईतच हरले होते. सप्टेंबर १९१८ च्या शेवटी त्यांचा सेनापती लुडेनडॉर्फनेच सांगितलं की ताबडतोब शस्त्रसंधी मागा. पण ११ नोव्हेंबरला फ्रान्समधल्या काँपियेनच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या, तेव्हा लढाई जर्मनीच्या बाहेरच चालू होती, त्यामुळे हार घरातल्यांना दिसली नाही. त्यातूनच 'पाठीत खंजीर खुपसला', म्हणजे सैन्य हरलं नाही, घरच्यांनीच दगा दिला, ही कथा पसरली. हिटलरने जून १९४० मध्ये तोच डबा त्याच जागी आणवून फ्रेंचांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी बिनशर्त शरणागतीचाच हट्ट धरला, त्यामागे १९१८ चा हा धडाही होता.

पाणकोंबडा:
मान्य. पण ११ नोव्हेंबरला मराठीत काय म्हणायचं? मी नेहमी 'युद्धबंदी' म्हणतो.

सांजवात:
युद्धबंदी म्हणजे कैदी! १९७१ चे ९३ हजार युद्धबंदी.

पाणकोंबडा:
आणि काश्मीरची युद्धबंदी रेषा? ती काय कैद्यांची?

मोडीवाचक:
दोन्ही बरोबर. एक बंदी म्हणजे बांधलेला माणूस, दुसरी म्हणजे मनाई. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कूट-अल-अमारात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, सुमारे १३ हजार माणसं. त्यात मराठा पलटणी होत्या. त्यांची वाळवंटातून पायपीट झाली, रेल्वेच्या कामावर जुंपले गेले, कित्येक परत आलेच नाहीत. त्यांच्याबद्दल 'युद्धबंदी झाली' असं वाक्य लिहिलं तर दोन उलटे अर्थ निघतात. मी शस्त्रसंधी वापरीन.

आजोळ:
बराच वेळ नुसती वाचत होते. माझे पंजोबा 'बसऱ्याला' गेले होते. घरात पहिलं महायुद्ध कोणी म्हणायचंच नाही, 'जर्मनची लढाई' म्हणायचे. गंमत म्हणजे त्यांचं पदक आईने जर्मनच्याच डब्यात ठेवलंय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या. भांड्याला जर्मन का म्हणतात, कोणाला ठाऊक आहे का?

सांजवात:
आमच्याकडेही जर्मनचं पातेलं! जर्मन सिल्व्हरवरून आलं असावं, पण तो धातू वेगळा. ताई, पदक चांदीचं आहे का?

आजोळ:
नाही, तपकिरी आहे. ब्राँझ.

मोडीवाचक:
मग ते लढणारे शिपाई नसावेत. ब्रिटिश वॉर मेडल सैनिकांना चांदीचं मिळे, हमाल, मजूर अशा बिनलढाऊंना ब्राँझचं. कडेवर बारीक अक्षरं कोरलेली असतील, भिंगाखाली बघा.

रानजाई:
मी असं ठरवतेय: तहाच्या मजकुरात 'भरपाई', जर्मन प्रचाराबद्दल लिहिताना 'खंडणी'. संपादकांना कळवलंय, उत्तर आलेलं नाही.

स्प्रेकाठ:
एक अडचण उरतेच. तहाच्या जर्मन प्रतीत शब्द होता 'वीडरगुटमाखुंग', पुन्हा चांगलं करणं. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने नाझींनी केलेल्या ज्यूंच्या छळापोटी इस्राएलला ३ अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं, तेव्हाच्या कारभारालाही इथे हाच शब्द रुळला. छळछावणीतून वाचलेल्या अनेकांना तो सहन होत नसे. काय चांगलं करणार पुन्हा? तिथे 'भरपाई' लिहिताना माझाही हात अडतो.

मोडीवाचक:
त्याच वर्षी भारताने जपानशी तह केला आणि भरपाईचे सगळे हक्क सोडून दिले. 'सोडणे' या क्रियापदाबरोबर खंडणी बसत नाही, हे मात्र खरं. खंडणी माफ करतात.

शुद्धमती:
क्षतिपूर्ती दोन्हीकडे बसेल.

आजोळ:
भिंग आणून पाहिलं. आधी नंबर, मग इंग्रजीत 'कूली', मग नाव, शेवटी लेबर कोअर, म्हणजे मजुरांचं दल. नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण ते तेच आहेत. आई म्हणते, आम्हाला सगळे शिपाईच सांगत आले. तिला मी अजून त्या शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही. मराठीत 'कुली'पेक्षा दुसरा कुठला शब्द त्या वेळी कागदोपत्री वापरत, कोणी सांगू शकेल का?