नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलीसाठी मैत्रीच्या साध्यासुध्या गोष्टी सुचवा

ठाणेकर_आई

नमस्कार मंडळी. लेक दुसरीत आहे, सेमी इंग्रजी. काना, मात्रा, वेलांटी, उकार झालेत. बोट ठेवून, थोडं गुणगुणत वाचते. जोडाक्षर आलं की गाडी अडते आणि माझ्या तोंडाकडे बघते. पण स्वतःहून पुस्तक उचलते, त्यामुळे ही गोडी जाऊ नये एवढीच धडपड आहे.

प्रदर्शनातून मैत्रीच्या गोष्टींचं एक जाडजूड, रंगीत पुस्तक आणलं. पहिलीच गोष्ट माकड आणि मगर. मगरीला माकडाचं काळीज खायचंय इथपर्यंत पोरगी कशीबशी पोचली आणि पुस्तक मिटून म्हणाली, "पण ते दोघं मित्र होते ना?" पुढची दोन मित्र आणि अस्वलाची. त्यावर, "हा एकटाच झाडावर चढला?" तिसरी कोल्हा आणि करकोचा, म्हणजे जेवायला बोलावून उपाशी ठेवायचं. पुस्तक आता कपाटावर आहे.

दुसऱ्या टोकाची पुस्तकंही बघितली. "चिंटू आणि मोती मित्र होते. ते खेळले. ते हसले. ते घरी गेले." ही वाचताना तिला जांभया येतात, मलाही येतात.

तर असं काही आहे का, ज्यात कोणी कोणाला फसवत नाही, कोणी मरत नाही, शेवटी तात्पर्य नाही, तरी पुढचं पान उलटावंसं वाटतं? अक्षर मोठं, जोडाक्षरं कमी. विकतचं, फुकटचं, जुनं, काहीही चालेल.

पुस्तकवेडा_नाशिक

फुकटात हवं तर आधी स्टोरीवीवर बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ आहे. भाषा मराठी निवडायची, मग पातळी. चार पातळ्या आहेत. पहिलीत अगदी थोडी वाक्यं, साधारण अडीचशे शब्दांच्या आत, दुसरीत सहाशेपर्यंत. पुस्तकं उतरवून घेता येतात, छापून शिवता येतात, परवानगी मागायला लागत नाही. चित्रं एक नंबर.

एक खोच आहे. बऱ्याच गोष्टी इंग्रजीतून किंवा हिंदीतून आलेल्या आहेत. मूळ भाषेत पहिल्या पातळीचं असलेलं वाक्य मराठीत आलं की त्यात 'त्यांच्यासोबत', 'स्वतःच्या', 'उत्साहाने' असली मंडळी घुसतात. त्यामुळे पातळीच्या आकड्यावर विसंबू नका. आधी स्वतः वाचा आणि मगच मुलीच्या हातात द्या.

निवृत्त_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तेही पहिली-दुसरीलाच. वरचे वर्ग कधी मागितले नाहीत. त्यामुळे जरा लांबण लागणार. कंटाळा आला तर थेट खाली गोष्टीवर जा.

आधी तुमच्या मुलीला शाबासकी. आपण मैत्रीच्या म्हणून ज्या गोष्टी मुलांपुढे ठेवतो त्यातल्या निम्म्या दगाबाजीच्या असतात. पंचतंत्र सांगितलं गेलं तेच मुळी राजपुत्रांना शहाणं करायला. पहिल्या तंत्राचं नावच मित्रभेद. माकड-मगर येते चौथ्यात, लब्धप्रणाशात, म्हणजे हाती आलेलं घालवलं त्याच्या गोष्टी. अस्वल आणि करकोचा इसापाकडचे. राजवाड्यात, बाजारात वावरणाऱ्या माणसांना दिलेले हे इशारे आहेत. सात वर्षांच्या पोरीला मित्राची पारख करून करायचंय काय? मधल्या सुट्टीत डबा उघडताना शेजारी कोणीतरी हवं, एवढीच तिची गरज. आणि आपली पहिलीवहिली चिऊ-काऊची गोष्ट तरी काय? शेजारी पावसात भिजत उभा आणि बाईसाहेब आतून "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे". दार उघडलं तर काही जण त्याला तव्यावर बसवून चटकाही देतात! सांगताना मजा येते, नाही म्हणत नाही. पण तिला शेजारधर्माची गोष्ट म्हणू नका.

पंचतंत्रातलंच हवं असेल तर दुसरं तंत्र घ्या, मित्रसंप्राप्ती. उंदीर, कावळा, कासव आणि हरिण. हरिण जाळ्यात सापडतं, उंदीर जाळं कुरतडतो. मग हळू चालणारं कासव पारध्याच्या हाती लागतं. तर हरिण मेल्याचं सोंग घेऊन पडतं, कावळा त्याच्या डोक्यावर बसून टोचल्यासारखं करतो, पारधी कासव खाली ठेवून तिकडे धावतो आणि उंदीर कासवाची दोरी तोडतो. चौघंही सुटतात. मूळ नावं हिरण्यक, लघुपतनक, मंथरक, चित्रांग अशी भारदस्त आहेत, ती गाळा. उंदीर, कावळा, कासव, हरिण, चारांत मिळून एक जोडाक्षर नाही. नव्या वाचकाला याहून काय हवं?

आता वाचण्याचं. सोपी गोष्ट लिहिणारे लेखक जोडाक्षरं टाळायची म्हणून 'पुष्प'चं 'फूल' करतात आणि दर ओळीला 'म्हणाला', 'म्हणाली' लिहितात. संवादाची गोष्ट म्हटली की हा 'म्ह' पानावर दहादा भेटतो. त्याच्या जोडीला त्याने, तिच्या, पुन्हा, दुसऱ्या. आणि मैत्रीच्या गोष्टीत खुद्द 'मित्र' आहेच. हे शब्द फोडून शिकवत बसू नका. मी पुठ्ठ्याची कार्डं करून भिंतीला लावायचे. शेजारच्या काकूंचा चेहरा ओळखावा तसा पोरं 'म्हणाला' ओळखायची, त्यात म कुठे आणि ह कुठे ते नंतर.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. डोळ्याला ती अक्षराआधी दिसते आणि तोंडाने अक्षरानंतर म्हणायची असते. नवं पोर 'दिवा'ला 'इदवा' म्हणतं ते यामुळेच. तुमची लेक यातून पार झालेली दिसते. तरी एका ओळीत पहिली वेलांटी एखादीच ठेवावी.

हे सगळं सांभाळून वर्गासाठी गोष्टी मीच लिहायचे. ही त्यातली एक.

*पाऊस आला.*
*मीनाचे मोजे भिजले. मीनाचे मोजे लाल.*
*सईचे मोजे भिजले. सईचे मोजे निळे.*
*बाईंनी मोजे दोरीवर टाकले.*
*शाळा सुटली. मीना घाईत. सई घाईत.*
*मीना घरी आली. आई बघते, तर काय?*
*एक पाय लाल. एक पाय निळा!*
*सकाळी मीना शाळेत आली. सई शाळेत आली.*
*मीना सईचे पाय बघते. सई मीनाचे पाय बघते.*
*"देऊ परत?"*
*"नको. राहू दे."*
*आता दोघींचे मोजे लाल-निळे.*

एकही जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी फक्त 'भिजले' आणि 'निळा'त. "देऊ परत?" या ओळीपाशी पान उलटायचं असलं पाहिजे. तिथे पोरं श्वास धरतात. त्यांना वाटतं आता भांडण होणार, कारण त्यांच्या वर्गात एव्हाना झालं असतं. (आमच्या वाडीवरच्या शाळेत मोजे कोणाकडे होते म्हणा! तिथे मी रिबिनी सांगायचे. तुमची ठाण्याची, म्हणून मोजे.)

गोष्टीत काहीच घडू नये असं नाही. घडणारं मुलाच्या मापाचं असावं. खोडरबर एकच, चुका दोघांच्या. खिडकीजवळची जागा आज कोणाची. कट्टी घेतली, पण खेळायला तिसरं कोणी नाही, मग बट्टी कोणी आधी करायची. मैत्रीण तापाने आली नाही, तर तिच्या जागेवर दप्तर ठेवायचं का. एकीला भेंडी आवडत नाही, दुसरीच्या डब्यात रोज भेंडी. एवढ्यावर वर्ष निघतं.

चित्रकलेची वही घ्या. एका पानावर एक ओळ, ठळक, वाक्य मध्येच तोडून खालच्या ओळीवर न्यायचं नाही. चित्र तिने काढायचं. नावं तिच्या वर्गातली घालायची. स्वतःच्या मैत्रिणीचं नाव छापील दिसलं की कितीही अडलं तरी वाचतात.

सदाशिवपेठी_आजोबा

बाईंची गोष्ट गोड आहे, पण तात्पर्यावर एवढा राग का? आम्ही इसापनीतीवर वाढलो. "संकटात उपयोगी पडतो तोच खरा मित्र" हे अस्वलाच्या गोष्टीने मनावर ठसलं, ते सत्तरीतही पुसलेलं नाही. मुलांना कापसात गुंडाळून ठेवलं तर जगात टिकतील कशी? मोज्यांच्या गोष्टीतून मूल शिकलं काय?

निवृत्त_बाई

आजोबा, मूल 'घाईत' आणि 'दोरीवर' वाचायला शिकलं. सध्या तेवढं पुरे.

इसाप मलाही प्रिय आहे, पण तो तिसरी-चौथीला, मोठ्याने वाचून दाखवायला. आणि शेवटची ओळ झाकून. ती झाकली की वर्गात वाद सुरू होतो. झाडावर चढलेल्याची बाजू घेणारी पोरंही निघतात, "त्याला दुसऱ्याला ओढून घ्यायची ताकद नसेल तर?" ती ओळ वाचून दाखवली की पोरं वह्या मिटतात, घंटा झाल्यासारखी.

जर्सीकर_बाबा

आमच्या शाळेतल्या वाचनालयात या जातीच्या इंग्रजी गोष्टींचं कपाटच वेगळं असतं. 'आय कॅन रीड' ही मालिका १९५७ पासून चालू आहे. त्यातलं अर्नोल्ड लोबेल यांचं 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स' (१९७०) आमच्या मुलाने पाठ होईपर्यंत वाचलं. एका गोष्टीत टोडला कधीच पत्र येत नाही म्हणून तो उदास. फ्रॉग घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो गोगलगायीकडे! शेवटी दोघं ओट्यावर बसून त्या पत्राची वाट बघतात आणि गोगलगाय चार दिवसांनी उगवते. कोणी कोणाला फसवलं नाही, तरी मुलगा दर वेळी गोगलगायीला हसतो. बाई म्हणतात ते 'मुलाच्या मापाचं' म्हणजे हेच असावं.

आमच्याकडे अडचण उलटी आहे. मुलगा मराठी बोलतो फर्डा, वाचतो दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलाएवढं. त्याच्या वाचनाला झेपणारं पुस्तक त्याला 'बाळांचं' वाटतं. मोज्यांची गोष्ट आज रात्री देऊन बघतो. तो ती बाळांची म्हणणार नाही असं वाटतंय, कारण त्याचेही मोजे कधी जोडीने नसतात.

वाचनालयवाली_ताई

आमच्या बालविभागात पालक येतात ते नेहमी एकच पुस्तक मागतात, जे मूल स्वतः वाचेल आणि ज्यात गोष्टही भरपूर असेल. सुरुवातीला ही दोन कामं वेगवेगळ्या पुस्तकांना द्या. स्वतः वाचायला बाईंच्या वहीसारखं, रोज थोडं. आणि मांडीवर बसवून ऐकायला भरगच्च पुस्तक, ज्यात जोडाक्षरांची फिकीर नाही. ऐकायला माधुरी पुरंदरे घ्या, डोळे मिटून. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची चित्रमय पुस्तकं घरातल्या, शेजारच्या, रोजच्या माणसांची आहेत. मुलं त्यात भांडतात, रुसतात, आणि लेखिका मध्ये येऊन उपदेश करत नाही. शब्दही आपल्या घरातले.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण ते जरा मोठ्या मुलांचं, अक्षरही बारीक. आत्ता त्यातल्या कविता वाचून दाखवा, यमक जुळतं म्हणून पुढचा शब्द मुलं आधीच ओळखतात. गोष्टींना चौथीत हात घाला.

आणि विकत घेताना मधलं पान उघडून बघा. चित्रावर अक्षरं छापलेली असतील, हिरव्या झाडावर काळी वगैरे, तर सरळ परत ठेवा. मोठ्यांना चालून जातं, बोट ठेवून वाचणाऱ्याला अनुस्वार आणि पान यातला फरकच कळत नाही.

ठाणेकर_आई

सगळ्यांचे आभार. मोज्यांची गोष्ट वहीत उतरवली, मीना-सईच्या जागी लेकीचं आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव. "देऊ परत?" ला खरंच थांबली. मग स्वतःच "नको" म्हणाली, पान उलटायच्या आधी. आता तिला पुढची गोष्ट खोडरबराची हवीय आणि त्यात मैत्रिणीच्या भावालाही घ्यायचंय, त्याचं नाव प्रथमेश! बाई, जोडाक्षरांना आता हात घालू का? कुठून सुरू करू?

निवृत्त_बाई

घाला की, प्रथमेश आलाच आहे दारात. त्याचं नाव कार्डावर लिहून टाका, चित्रासारखं ओळखू दे.

बाकीच्यांना क्रम लावा. आधी एकाच अक्षराची जोडी, जी ऐकूही स्पष्ट येते: गट्टी, कट्टी, चप्पल, बस्स. मग दांडी गाळून जोडली जाणारी: दोस्त, पुन्हा, म्हणाला, गोष्ट. यांवर महिना-दीड महिना काढा, घाई नको. 'र' सगळ्यात शेवटी, तो चार सोंगं घेतो: सूर्य, चक्र, राष्ट्र आणि तऱ्हा. एका आठवड्यात एकच सोंग दाखवा. क्ष आणि ज्ञ तर तिसरीपर्यंत आले नाहीत तरी काही बिघडत नाही.

खोडरबराच्या गोष्टीत 'अर्धं' लागणारच, तोडल्याशिवाय गोष्ट कशी होईल? तिथे रफार आहे. 'एकाचे दोन' लिहा, आणि खोडरबराचे दोन तुकडे तिला काढू द्या. लिहून झाली की इथे टाका, प्रथमेश काय करतो ते मला बघायचंय.