मोरीतला लगदा : सोसायटी ग्रुप, शनिवार सकाळ

वसंतकाका १०२ (७:५२)
नमस्कार. आमची मोरी आज पुन्हा तुंबली. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. प्लंबरने तार घातली तर आतून करडा चिखल निघाला, आणि त्यात चमकी. फोटो टाकतोय. मी कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांचं आहे त्यांनी ओळखावं.

वसंतकाका १०२ (७:५३)
[फोटो]

वसंतकाका १०२ (७:५३)
[फोटो]

ओंकार ४०३ (७:५८)
काका, डोळे उघडल्या उघडल्या हे दर्शन?

मीनाकाकू ३०१ (८:०१)
लिफ्टमध्येपण चमकी आहे. परवापासून आहे. ती कोण काढणार??

नितीन २०१ (८:०४)
नाव घेणार नाही म्हणायचं आणि चमकीचा फोटो टाकायचा. पाचवा मजला सोडला तर या बिल्डिंगमध्ये चमकी असते कुणाकडे?

शुभदाताई ५०२ (८:१५)
काका, तुम्हाला सकाळी सकाळी त्रास झाला, वाईट वाटलं. पण बोट माझ्याकडेच आहे म्हणून लिहिते. गेल्या रविवारी मुलांना हातकागद शिकवला हे खरं. उरलेला लगदा मी मोरीत ओतत नाही. फडक्यातून गाळते, पिळून गोळे करते आणि वाळवून ठेवते. पुढच्या वेळी भिजवले की तेच परत वापरता येतात. गोळे गॅलरीत ट्रेमध्ये आहेत. कुणीही या आणि मोजून घ्या.

नितीन २०१ (८:१७)
आणि गाळून उरलेलं पाणी? ते कुठे जातं?

शुभदाताई ५०२ (८:१८)
कुंड्यांमध्ये. त्या कुंड्यांचं प्रकरण तुम्हाला पाठ आहेच.

नितीन २०१ (८:१८)
ते प्रकरण मी काढलेलं नाही, तुम्ही काढलंत.

सेक्रेटरी (८:२२)
सर्वांना विनंती, कृपया शांतता ठेवावी. कुंड्यांचा विषय सभेत संपलेला आहे. 🙏

गौरी ४०१ (८:२५)
कागदाने पाइप कसा काय तुंबेल? पाण्यात विरघळून जातो ना तो?

प्रभाकर सर २०४ (८:३३)
नाही. कागद पाण्यात विरघळत नाही, नुसता सुटा होतो. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची गुंतवळ. भिजवून मिक्सरमधून काढला की तंतू मोकळे होतात, आणि पाणी निघून गेलं की परत एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून तर हातकागदाला डिंक लागत नाही. हातकागद करताना पाण्यातला लगदा जाळीवर उचलतात, तिथे जे होतं तेच पाइपच्या वळणावर होतं. तिथे पाणी पुढे जातं, तंतू मागे राहतात.

ओंकार ४०३ (८:३५)
म्हणजे काकांच्या पाइपमध्ये हातकागदाचा कारखाना निघालाय. काका, पहिला ताव फ्रेम करून घ्या.

वसंतकाका १०२ (८:३६)
ओंकार, तुझ्या बाबांना फोन करतोय.

ओंकार ४०३ (८:३६)
सॉरी काका.

मीनाकाकू ३०१ (८:४०)
लिफ्टमधल्या चमकीचं काय? माझ्या काळ्या पर्सला लागली, निघत नाही.

रोहिणी ६०२ (८:४४)
नमस्कार, आम्ही नवीन आहोत. विषय वेगळा आहे, माफ करा, पण शुभदाताई ग्रुपवर आहेतच म्हणून विचारते. मुलीने वाढदिवसाचं कार्ड केलं, पण घडी घातली की वरचा रंग फाटतो, आतला पांढरा कागद दिसतो. असं का होतं?

नितीन २०१ (८:४५)
हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे.

गौरी ४०१ (८:४६)
मग रोज पहाटे साडेपाचला गुलाबाचे फोटो कुठल्या कामासाठी येतात?

शुभदाताई ५०२ (८:५८)
रोहिणी, बहुतेक घडी कागदाच्या धारेच्या आडवी पडतेय. मशीनवर कागद बनताना तंतू बरेचसे एकाच दिशेला लागतात. त्या दिशेने घडी घातली तर सरळ बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि वरचा रंगाचा थर तडकतो. ओळखायला सोपं आहे. कागद न मोडता आधी लांबीकडून वाकव, मग रुंदीकडून. ज्या बाजूने कमी जोर लागेल, घडी तशीच घालायची. अंदाज येत नसेल तर एक छोटा तुकडा काप, एका बाजूने ओला कर. तो सुरळीसारखा वळतो, आणि सुरळी जशी लांब पडते ती धारेची दिशा.
आणि जाड कार्डाला थेट घडी घालायचीच नाही. पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने किंवा विणायच्या बोथट सुईने आधी चर पाड. चर पाडल्यावर मागच्या बाजूला जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेक जण उलटं करतात.

रोहिणी ६०२ (९:०२)
अरे वा. आम्ही उलटंच करत होतो. कागद कुठला घ्यायचा?

शुभदाताई ५०२ (९:०६)
प्रिंटरचा साधा कागद ८० जीएसएमचा असतो, कार्ड उभंच राहत नाही. २२० ते २५० घे. ३०० च्या पुढचा लहान मुलांच्या कात्रीला झेपत नाही. ए४ अर्धा दुमडला की ए५ मापाचं कार्ड होतं. त्याच्याही निम्मं म्हणजे ए६ केलंस तर सी६ पाकीट, ते ११४ बाय १६२ मिलिमीटर असतं, बरोबर बसतं. पण क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं चिकटवली असतील तर मोठं पाकीट घे, आणि पोस्टाने पाठवूच नको, सगळं सपाट होऊन पोचतं.

प्रभाकर सर २०४ (९:०९)
पुरवणी. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. १६ ए४ ताव म्हणजे एक चौरस मीटर. म्हणून ८० जीएसएमचा एक ए४ बरोबर ५ ग्रॅम भरतो.

ओंकार ४०३ (९:१०)
सर, हे परीक्षेला आहे का?

वसंतकाका १०२ (९:१२)
माझी मोरी तुंबलेली आहे. आठवण करून देतो.

मीनाकाकू ३०१ (९:१३)
आणि लिफ्ट.

नितीन २०१ (९:२०)
काका, प्लंबरच्या नादी लागू नका. माझ्याकडे ॲसिडची बाटली आहे, आणून देतो. अर्ध्या तासात मोकळं.

गौरी ४०१ (९:२१)
वसंतकाकूंनी रात्री ब्लीचिंग टाकलंय ना त्यात? वास जिन्यापर्यंत येत होता.

प्रभाकर सर २०४ (९:२१)
थांबा!! ब्लीचिंगवर ॲसिड अजिबात ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत जीवावर बेतेल. शिवाय असल्या ॲसिडने कागद काही चटकन जात नाही, आधी जाळी आणि सांधे खराब होतील. लगदा काढायचा तो तारेनेच.

वसंतकाका १०२ (९:२३)
ॲसिड नको. नितीन, बाटली तुमच्याकडेच ठेवा.

नितीन २०१ (९:२४)
मदत करायला गेलं की हे असं.

सेक्रेटरी (९:३०)
विषय निघालाच आहे तर एक गंभीर बाब. मागच्या आठवड्यात कचरा उचलताना मावशींच्या हाताला कटरचं तुटलेलं पातं लागलं. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुटंच टाकलेलं होतं. त्या कुणाचं नाव सांगत नाहीत. टाके घालावे लागले.

गौरी ४०१ (९:३२)
अरे देवा. हे आधी का नाही सांगितलंत?

नितीन २०१ (९:३३)
घ्या. कागदकामाचे फायदे.

शुभदाताई ५०२ (९:३७)
माझ्याकडे मुलांना कटर देतच नाही, फक्त बोथट टोकाची कात्री. माझी स्वतःची पाती पत्र्याच्या डबीत जमतात. डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, वर लिहून, मावशींच्या हातात देते. पुठ्ठ्याच्या पुलाचं मॉडेल मागच्या आठवड्यात कुणाच्या घरी चाललं होतं ते मी विचारत नाही.

नितीन २०१ (९:३८)
तो शाळेचा प्रकल्प होता. आणि माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला कळतं.

ओंकार ४०३ (९:३९)
पूल छान झालाय पण.

नितीन २०१ (९:३९)
धन्यवाद.

मीनाकाकू ३०१ (९:४५)
चमकी प्लास्टिकची असते का हो? नातू म्हणतो विघटन होत नाही.

प्रभाकर सर २०४ (९:४९)
बरोबर म्हणतो. बहुतेक चमकी म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर, आणि बारीक तुकडे. युरोपीय संघात सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आहेत. गाळताना फडक्यातूनही निसटते आणि मग लगद्यातून वेगळी काढताच येत नाही.

शुभदाताई ५०२ (९:५२)
म्हणून आम्ही ती दोन वर्षांपूर्वीच बंद केली. रंगीत मासिकांचे पंचिंग मशीनने पाडलेले गोल वापरतो. काकांच्या फोटोतली चमकी माझी नाही, हे मी मघाशीच म्हणणार होते.

मीनाकाकू ३०१ (९:५३)
मग लिफ्टमधली कुणाची???

वसंतकाका १०२ (१०:१५)
प्लंबर परत आला. दुसऱ्यांदा तार घातली. आता ओले वाइप्स निघाले, सात-आठ असतील. त्यांना गुंडाळून लगदा बसलेला. फोटो टाकत नाही.

ओंकार ४०३ (१०:१६)
आभारी आहोत.

गौरी ४०१ (१०:१९)
आमच्याकडे बाळ आहे म्हणून सगळे आता माझ्याकडे बघणार. आम्ही वाइप्स डब्यात टाकतो.

सेक्रेटरी (१०:२०)
कुणी काही म्हटलेलं नाही.

गौरी ४०१ (१०:२०)
लिफ्टमध्ये म्हणतील.

प्रभाकर सर २०४ (१०:२४)
बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टर असतं, ते कागदासारखे सुटतच नाहीत. हात पुसायचे काही कागदी नॅपकिनही ओले झाल्यावर टिकावेत म्हणून प्रक्रिया केलेले असतात, लगद्यासाठीसुद्धा ते निरुपयोगी. मुख्य कारण वाइप्स, लगदा नंतर येऊन अडकला असं दिसतं.

नितीन २०१ (१०:२६)
पण लगदा आला कुठून? तो प्रश्न उरतोच.

ओंकार ४०३ (१०:३१)
सहज म्हणून सांगतो. काकांच्या मोरीचा उभा पाइप फक्त ०२ नंबरच्या घरांचा आहे. गौरीताई ४०१, म्हणजे त्या यात नाहीतच. उरले २०२, ३०२, ४०२, ५०२, ६०२. २०२ वर्षभर बंद आहे.

गौरी ४०१ (१०:३२)
ओंकार, तू वकील हो.

रोहिणी ६०२ (१०:३५)
[हा मेसेज डिलीट केला आहे]

मीनाकाकू ३०१ (१०:३६)
काय होतं त्यात? मी चष्मा आणेपर्यंत गेलं.

नितीन २०१ (१०:३६)
मी वाचलं.

शुभदाताई ५०२ (१०:३८)
नितीन, वाचलं असेल तर राहू दे.

शुभदाताई ५०२ (१०:५०)
सगळ्यांसाठीच लिहिते, कारण आमच्याकडे येणारी मुलं घरी जाऊन हेच परत करतात आणि घरी सांगणारं कुणी नसतं.
लगद्याला पाणी फार लागतं. दहा ए४ कागद म्हणजे ५० ग्रॅम, आणि ताव नीट उठायला त्याला निदान पाच लिटर पाणी. त्यामुळे टब नुसता गढूळ दिसतो, वाटतं यात आहे काय, ओतून द्या. आणखी पाणी घालून पातळ करून सोडलं तरी तंतू तेवढेच राहतात. बादलीवर जुनी सुती ओढणी ताणून बांधायची, त्यातून सगळं हळूहळू सोडायचं, मग ओढणी पिळायची. मिक्सरचं भांडं आणि मुलांचे हातसुद्धा आधी त्याच बादलीत. हे लोक विसरतात आणि बराच लगदा तिथूनच जातो. पिळलेला गोळा ओला ठेवला तर दोन-चार दिवसांत कुजका वास येतो, म्हणून पूर्ण वाळवायचा.
भिजवण्याआधी स्टेपलच्या पिना, चिकटपट्टी, पाकिटाची प्लास्टिकची खिडकी काढायची. दुकानाच्या बिलांच्या गुळगुळीत चिठ्ठ्या घालायच्या नाहीत, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो आणि मुलं त्यात कोपरापर्यंत हात घालतात. वर्तमानपत्र चालतं, पण ताव करडा येतो आणि उन्हात लवकर पिवळा पडतो. शाई पसरू नये असं वाटत असेल तर लगद्यात थोडी स्टार्चची खळ.

रोहिणी ६०२ (१०:५४)
ताई, धन्यवाद. काका, प्लंबरचं जे काही होईल ते मी भरते.

वसंतकाका १०२ (११:०२)
पैशांचा प्रश्न नाही.

वसंतकाका १०२ (११:०३)
वाइप्सवाल्यांनी पण असं पुढे यावं.

मीनाकाकू ३०१ (११:०४)
आणि लिफ्टवाल्यांनी.

सेक्रेटरी (११:१०)
वर्तमानपत्रांवरून आठवलं. तळमजल्यावरच्या रद्दीच्या पेटीतून कागद नेताना कृपया सांगून न्यावे. तो पैसा वॉचमनच्या मदतपेटीत जातो.

शुभदाताई ५०२ (११:१२)
मी माझ्या घरचाच कागद वापरते. हे तिसऱ्यांदा सांगतेय.

सेक्रेटरी (११:१३)
आपल्याला उद्देशून नव्हतं, ताई. सर्वसाधारण सूचना होती. 🙏

शुभदाताई ५०२ (११:१३)
हो, सर्वसाधारण सूचना मला नेहमी कळतात.

गौरी ४०१ (११:१५)
लगद्याचं काम गच्चीवर केलं तर? घरातल्या मोरीचा प्रश्नच येणार नाही. ऊन आहे, ताव पटकन वाळतील.

शुभदाताई ५०२ (११:१७)
फार कडक उन्हात कडा वळतात. फडक्यावर ठेवून सावलीत, आणि थोडे दमट असताना वह्यांच्या ढिगाखाली. पण जागा म्हणून गच्ची उत्तम. किल्ली मिळाली तर.

नितीन २०१ (११:१८)
गच्ची सामाईक आहे. वर्ग चालवायला नाही. यावर ठराव झालेला आहे.

प्रभाकर सर २०४ (११:२०)
ठराव पत्त्यांच्या अड्ड्याबद्दल होता.

ओंकार ४०३ (११:२०)
😶

नितीन २०१ (११:२२)
सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

सेक्रेटरी (११:३०)
महिन्यातून एक रविवार, दुपारी चार ते सहा, प्रयोग म्हणून करून पाहू. किल्ली माझ्याकडून घ्यावी आणि परत द्यावी. पाती बंद डबीतच. चमकी नाही. ०२ च्या सर्व घरांनी मोरीला बारीक जाळी बसवून घ्यावी.

वसंतकाका १०२ (११:३३)
गच्चीच्या पाण्याचा पाइप कुठे उतरतो?

सेक्रेटरी (११:३४)
तुमच्या खिडकीशेजारी.

वसंतकाका १०२ (११:३४)
त्याला वर जाळी आहे?

सेक्रेटरी (११:४१)
बघून सांगतो.

वसंतकाका १०२ (११:४२)
आधी बघा. मग किल्ली.