मदत हवी आहे: टाइप एरर खरी असते, पण बोट भलतीकडेच दाखवते. मुलांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी,

दर शनिवारी सकाळी कोथरूडला सात-आठ मुलामुलींना ओकॅमल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. हौसेचं काम, फी नाही, मधला चहा मात्र त्यांच्याकडून. सगळे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचे, पायथन-जावा येणारे. रिकर्शन, पॅटर्न मॅचिंग मजेत पचलं. गाडं अडलंय ते टाइप इन्फरन्सच्या एररपाशी, म्हणजे कुठल्या नावात कुठल्या प्रकारची (टाइपची) किंमत येणार हे कम्पायलर न सांगता ओळखतो, तिथे.

परवाचंच सांगते. दुधाच्या बिलाचं फंक्शन होतं. पॅरामीटर दोन, दर आणि नग. आत एकच ओळ, दर * नग. टाइप कुठेच लिहिलेला नाही. खाली कॉल: बिल ६२.५ ३. कम्पायलरने ६२.५ च्या खाली रेघ मारली आणि म्हणाला, हे फ्लोट (दशांश संख्या) आहे, इथे इंट (पूर्णांक) अपेक्षित होतं.

एकीने शांतपणे ६२.५ चे ६२ केले. चाललं! उत्तर १८६. "ताई, झालं." दूधवाल्याचा दीड रुपया बुडाला, पण एरर गेल्याच्या आनंदात कुणाला पत्ता नाही.

खरी गोम त्या गुणाकारात आहे. ओकॅमलमध्ये साधा * फक्त इंटचा, फ्लोटला टिंब लावलेला *. वापरावा लागतो. म्हणजे दर इंट असणार हे वरच्या ओळीतच ठरलं होतं. मी नुसतं "वर बघा" म्हणते, पण किती वर? पन्नास ओळींच्या फाइलमध्ये हा सल्ला फारसा कामाचा नाही. कुणी हे शिकवलं आहे का? सिद्धांत नको, फळ्यावर काय लिहू ते सांगा.

कर्वेरोडकर: हॅस्केल ही भाषा शिकवा. तिथे एकच * सगळ्या आकड्यांना चालतो. प्रश्न मिटला.

धागाकर्ती: नाही मिटत हो. तिथे नग म्हणून यादीची लेंग्थ द्या. लेंग्थ इंट असते, मग कम्पायलर म्हणतो की इंट हा फ्रॅक्शनल, म्हणजे अपूर्णांक चालणारा, प्रकार नाही, आणि खापर पुन्हा ६२.५ च्याच डोक्यावर.

टिंबटिंब: ताई, थोडा सिद्धांत लागेलच, पण दोन मिनिटांचा. टाइप ओळखण्याचा रॉबिन मिल्नर या संशोधकाचा १९७८ चा अल्गोरिदम डब्ल्यू प्रोग्रॅम क्रमाने वाचत जातो आणि प्रत्येक ठिकाणी समीकरण जुळवतो. जे जुळलं ते गृहीत धरून पुढे. जिथे पहिल्यांदा जुळत नाही तिथे तो ओरडतो. ती फक्त अडखळल्याची जागा. चूक आधी झालेली असू शकते, आणि त्याला ते कळायला मार्गच नाही. दर इंट मानायचा की फ्लोट, हे तुमच्या मनात.

फळ्यावर तीन रकाने काढा: नाव, टाइप, कोणी सांगितलं.
दर, इंट, ओळ १ मधला *.
दर, फ्लोट, ओळ ३ मधला ६२.५.
दोन साक्षीदार, दोन जबान्या. एरर मेसेज दुसऱ्याचंच नाव घेतो. पहिला कोण, हे मुलांनी शोधायचं. तिसरा रकाना मात्र गाळू नका, सगळी गंमत त्यात आहे. प्रत्येक निष्कर्षासोबत त्याचं कारण साठवावं आणि एरर देताना ते दाखवावं, ही कल्पना मिचेल वाँड यांनी १९८६ मध्येच मांडली होती.

आळशी_उंदीर: रकाने वगैरे ठीक. मी ऑफिसात सरळ फंक्शनच्या डोक्यावर टाइप लिहून टाकतो. दर फ्लोट असं लिहिलंत की एरर कॉलवरून उठून गुणाकाराच्या ओळीत येते. तात्पुरतं लिहा, सापडलं की हवं तर खोडा. बाकी यादीत अर्धविरामाऐवजी स्वल्पविराम देणारी मुलं भेटली का? १, २, ३ ची यादी म्हणजे एकाच त्रिकूटाची यादी होते आणि एरर येते तिसऱ्याच फंक्शनमध्ये. त्यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

धागाकर्ती: आज दोन्ही करून पाहिलं. आधी रकाने, मग दरवर टाइप. एरर खरंच वरच्या ओळीत सरकली. गुणाकाराला टिंब लावल्यावर आता ३ वर रेघ आली, पण या वेळी कुणी आकड्याला हात लावला नाही. आधी तिसरा रकाना भरला आणि मग नगला फ्लोट करून घेतलं. बिल १८७.५.

स्वल्पविरामवालाही निघाला, शेवटच्या बाकावर. आता अडलंय फोल्डपाशी (यादीतले घटक एकेक करून एका उत्तरात गोळा करणारं फंक्शन): फंक्शनचे दोन पॅरामीटर उलटे दिले की रकान्यात तिसरा, चौथा साक्षीदार येतो आणि फळा पुरत नाही. तिथे तुम्ही काय करता?